संग्रह आणि अधिकार

जुन्या वस्तूंचा, जुन्या कागदांचा किंवा जुन्या गाण्यांचा संग्रह करणाराविषयीं समाजाच्या मनांत एक सहज आदर असतो, आणि तो योग्यहि आहे. नाशाच्या तोंडांतून एखादी वस्तु ज्यानें ओढून काढली त्याचे उपकार पुढील पिढ्यांवर राहतात. परंतु या उपकाराच्या पोटांत एक प्रश्न दडलेला असतो, व संग्राहकाच्या कीर्तीच्या तेजांत तो बहुधा कोणास दिसत नाहीं. वस्तु वांचविली म्हणून ती वांचविणाराची होते काय? ती कोणास दाखवावी, कोणास दाखवूं नये, तिला कोणतें नांव द्यावें, तिचा अर्थ काय लावावा, हें ठरविण्याचा अधिकार तिच्या मूळ धन्याकडून संग्राहकाकडे, आणि संग्राहकाकडून ग्रंथालयाकडे, कोणत्या क्षणीं गेला? आणि तो दिला कोणीं?

हा प्रश्न मराठी वाचकास अगदींच परका नाहीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां पेशव्यांचें दप्तर इंग्रजांच्या हातीं गेलें. पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ तें पुण्यांतच होतें. पण ज्यांच्या पूर्वजांनीं तें लिहिलें त्यांना तें मोकळेपणानें पाहावयास मिळत नसे. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडाखंडांनीं छापलीं, तीं मुख्यतः खाजगी दप्तरें धुंडाळून. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत निघाले, तेव्हां कोठें तें दार अभ्यासकांस किलकिलें झालें. तोंवर दप्तर सुरक्षित नव्हतें असें नाहीं. तें सुरक्षित होतें. पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती.

आज जगांतील अनेक आदिवासी समाज हाच प्रश्न विचारीत आहेत, परंतु त्यांचा प्रश्न आमच्या प्रश्नाहून एक पाऊल पुढचा आहे. आम्हांस किल्ली हवी होती ती दार सर्वांस उघडें व्हावें म्हणून. त्यांना ती हवी आहे ती कोणतें दार उघडावें आणि कोणतें मिटलेलें ठेवावें हें स्वतः ठरवितां यावें म्हणून. या दुसऱ्या मागणीनें सुशिक्षित वाचक थोडा दचकतो. ज्ञान मोकळें असावें हें आपण इतकें गृहीत धरिलें आहे कीं, 'हें आम्ही दाखविणार नाहीं' असें कोणी म्हटलें कीं तो आपणांस संकुचित वाटूं लागतो. ही मागणी खरोखर संकुचित आहे कीं तींत कांहीं न्याय आहे, हें तपासण्याचा या लेखाचा हेतु आहे.

त्यासाठीं आम्ही एक ध्वनिसंग्रह समोर ठेवितों. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरांतील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयानें २०१८ सालीं 'अ‍ॅन्सेस्ट्रल व्हॉइसेस', म्हणजे पूर्वजांचे आवाज, या नांवानें कांहीं जुनीं ध्वनिमुद्रणें सर्वांस ऐकतां येतील अशीं इंटरनेटवर ठेविलीं. तीं पॅसामाक्वॉडी या जमातीचीं आहेत. साहित्याच्या मासिकांत ध्वनिसंग्रहाची समीक्षा कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, हा गीतांचा, कथांचा आणि शब्दांचा संग्रह आहे; त्याला संपादक आहेत, पाठ आहेत, टीपा आहेत; आणि दोन निरनिराळ्या काळीं दोन निरनिराळ्या दृष्टींनीं झालेलें संपादन त्यांत शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतें. समीक्षकास याहून अधिक काय हवें?

पॅसामाक्वॉडी लोक अटलांटिक किनाऱ्यावरचे. अमेरिकेच्या ईशान्य टोंकाला मेन नांवाचें राज्य आहे. तें आणि कॅनडा यांच्या सीमेवरील नद्या व खाड्या हा त्यांचा पिढीजाद मुलूख. मार्च १८९० मध्यें जेसी वॉल्टर फ्यूक्स नांवाचे गृहस्थ या मुलुखांतील कॅलिस गांवीं एडिसनचें फोनोग्राफ यंत्र घेऊन आले. फ्यूक्स हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. मेरी हेमेनवे या धनिक बाईंच्या आश्रयानें त्यांना नैर्ऋत्येकडील झुनी लोकांच्या अभ्यासास जावयाचें होतें. त्यापूर्वीं हें नवें यंत्र गांवोगांवच्या कामास कितपत उपयोगी पडतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं हा प्रयोग केला. मेणाचीं सुमारें तीस नळकांडीं त्यांनीं भरलीं. एका नळकांड्यावर दोनतीन मिनिटांचाच आवाज मावे, आणि तें पुन्हा वाजविलें कीं दर वेळीं मेण थोडें झिजे. अशा रीतीनें लोकांमध्यें जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांपैकीं आज शिल्लक असलेलीं सर्वांत जुनीं हींच समजलीं जातात.

फ्यूक्स यांच्याविषयीं अन्याय होऊं नये म्हणून हें सांगितलें पाहिजे कीं, ते लुटारू नव्हते. त्याच वर्षीं अमेरिकेंतील लोकविद्येच्या नियतकालिकांत त्यांनीं या कामाचा वृत्तांत लिहिला व त्यांत नोएल जोसेफ्स आणि पीटर सेल्मोर या सांगणारांचीं नांवें दिलीं. त्या काळच्या कित्येक संग्राहकांनीं इतकेंहि केलें नाहीं. परंतु त्यांच्या सर्व विचाराच्या बुडाशीं एक समजूत होती, व ती त्यांची एकट्याची नव्हती. त्या काळच्या विद्वानांचीच ती समजूत होती. ती अशी कीं, हे लोक आणि यांच्या भाषा आतां नाहींशा होणार. तेव्हां त्या आहेत तोंवर यंत्रांत भरून घ्याव्या. ज्याचा वारस उरणार नाहीं अशा धनाची व्यवस्था सरकारनें पाहावी, तशी ही व्यवस्था होती. वारस जिवंत आहे, तो शेजारींच बसून गात आहे, आणि उद्यां त्याचा पणतू येऊन हें धन मागेल, ही कल्पना त्या व्यवस्थेंत कोठेंच नव्हती.

या समजुतीला कायद्याचीहि जोड मिळाली. या जमातींतील एका माणसानें बंदी असलेल्या हंगामांत हरिण मारलें, आणि जुन्या तहांप्रमाणें आपणांस शिकारीचा हक्क आहे असें न्यायालयांत सांगितलें. १८९२ सालीं मेन राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, लढाई व तह करण्याचें सामर्थ्य असलेली जमात म्हणून यांचें राजकीय अस्तित्व आतां उरलेलेंच नाहीं. म्हणजे दोन वर्षांच्या अंतरानें एका विद्वानानें त्यांचे आवाज साठविले, आणि एका न्यायालयानें ते लोक जमात नाहींत असें ठरविलें. दोघांच्याहि दप्तरांत त्यांची नोंद झाली. दोन्ही नोंदींत त्यांना भूतकाळांत टाकण्यांत आलें. तो निकाल पुढें टिकला नाहीं. १९७५ सालीं संयुक्त संस्थानांच्या न्यायालयानें जमातीच्या बाजूनें कौल दिला, आणि १९८० सालीं तिच्या बळकावलेल्या जमिनींच्या दाव्याची कायद्यानें तडजोड झाली. लोक नाहींसे झाले नव्हते.

नळकांडीं मात्र दूर गेलीं होतीं. प्रथम हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयांत, व तेथून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें. १९७९ सालीं त्या ग्रंथालयानें आपल्याजवळच्या जुन्या नळकांड्यांवरील आवाज फितींवर उतरवून त्या त्या जमातींस प्रती पाठविण्याचें काम हातीं घेतलें, आणि पॅसामाक्वॉडी लोकांस आपल्या पूर्वजांचे आवाज पुन्हा ऐकावयास मिळाले. पण मेणाच्या खरखरींत शब्द बुडून गेले होते. पुढें नवीं साधनें आलीं, खरखर बरीचशी गाळतां येऊं लागली, आणि मग जमातींतील जाणतीं माणसें बसून एकेक नळकांडें ऐकूं लागलीं, शब्द लिहूं लागलीं, अर्थ लावूं लागलीं. २०१८ सालीं जें प्रसिद्ध झालें तें या श्रवणाचें फळ होय.

आतां या दुसऱ्या संपादनाचें स्वरूप पाहूं. त्यांत गीतांस त्यांच्या स्वतःच्या भाषेंतील नांवें आहेत, आणि शब्द व अर्थ सांगणारे त्या भाषेचे बोलणारे आहेत. फ्यूक्स यांची नोंद पुसलेली नाहीं. ती आहे तेथेंच आहे, परंतु तिच्या शेजारीं आतां जमातीचें म्हणणें आहे. याखेरीज प्रत्येक मुद्रणाबरोबर तीन सूचना जोडलेल्या आहेत, व त्याहि प्रथम त्यांच्या भाषेंत. पहिलीचा अर्थ 'हें असें करितात' असा असून, हें कोणाचें आहे हें ऐकणारानें ध्यानांत ठेवावें व तसें सांगावें, असा तिचा रोख आहे. दुसरी सांगते कीं, हें शिक्षणासाठीं आहे. तिसरी सांगते, 'हें विकावयाचें नाहीं.' कोणती गोष्ट बाहेरच्यांनीं ऐकावी व कोणती जमातीपुरती राहावी याचा विचार जमातीनेंच करावा, हें तत्त्वहि ग्रंथालयानें मान्य केलें आहे.

वरवर पाहतां या तीन ओळी म्हणजे ग्रंथालयाच्या पुठ्ठ्यावरील चिठ्ठ्या होत. त्यांचें कौतुक तें काय? आम्हांस मात्र त्या संपादनाचा गाभा वाटतात, आणि त्याचें कारण आमच्याच शास्त्रपरंपरेंत सांपडतें. कोणताहि ग्रंथ आरंभितांना जुने ग्रंथकार चार गोष्टी सांगत: विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध कोणता, आणि अधिकारी कोण. यांस अनुबंधचतुष्टय म्हणत. ग्रंथ कोणासाठीं आहे हें ग्रंथाबाहेरचें नसून त्याच्या अर्थाचाच एक भाग आहे, असें त्या लोकांचें मत होतें. हीच गोष्ट गाण्याची. कांहीं गाणीं हिंवाळ्यांतच म्हणावयाचीं असतात, कांहीं प्रेतापुढें, कांहीं पाहुणा आल्यावर, कांहीं केवळ बायकांनीं, कांहीं केवळ दीक्षा घेतलेल्यांनीं. हा नियम गाण्याला बाहेरून बांधलेली दोरी नव्हे. तो गाण्याचा अवयव आहे. संग्राहकानें शब्द घेतले, सूर घेतला, आणि हें केव्हां, कोणीं, कोणापुढें म्हणावयाचें तें सोडून दिलें, तर त्याच्या हातीं आलेला पाठ अपुरा आहे. हस्तलिखितांतील एक चरण गळाला तर आपण त्याला त्रुटित पाठ म्हणतों. मग गाण्याचा अधिकारीच गळाला तर तो पाठ शुद्ध कसा? फ्यूक्स यांच्या नळकांड्यांतून गळालेला हा चौथा अनुबंध त्या तीन सूचनांनीं पुन्हा जागेवर आणून बसविला आहे. म्हणून हें काम आम्हांस केवळ हक्काचें वाटत नाहीं, तर पाठशुद्धीचें वाटतें.

येथें मराठी वाचक आम्हांस अडवील, आणि त्यानें अडवावेंच. तो म्हणेल, 'अधिकारी' हा शब्द आमच्याकडे कोणीं कसा वापरला तें विसरलांत काय? अधिकार नाहीं म्हणून शूद्रांस व स्त्रियांस वेद ऐकूं दिला नाहीं. ज्ञानेश्वरांनीं वेदाला याचसाठीं कृपण म्हटलें आणि गीतेचा अर्थ मराठींत सर्वांपुढें मांडला. तुकोबांना याच अधिकाराच्या प्रश्नावर छळ सोसावा लागला. जोतीरावांनीं ज्ञानबंदीवर घाव घातला तो याच जागीं. एवढें सोसून जें दार आम्हीं उघडलें, तें दार 'आदिवासींचा हक्क' या नांवानें पुन्हा मिटावें, असें तुम्ही म्हणतां काय?

हा आक्षेप खरा आहे, आणि 'प्रत्येक समाजाची आपापली रीत असते' असल्या मोघम वाक्यानें त्याचें निवारण होत नाहीं. रीत अन्यायाचीहि असूं शकते. म्हणून दोन गोष्टींतील भेद नेमका सांगितला पाहिजे, आणि तो आमच्या मतें असा आहे. ज्या ज्ञानाच्या आधारें दुसऱ्यावर सत्ता चालविली जाते, तें ज्ञान त्या दुसऱ्यापासून लपवितां येत नाहीं. वेदाचा आधार घेऊन शूद्रानें काय करावें, काय नेसावें, कोठें राहावें हें सांगितलें जात होतें. मग तो वेद शूद्रास ऐकूं न देणें म्हणजे आरोपीस कायदा न दाखवितां शिक्षा देणें होय. पॅसामाक्वॉडी गीताची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. त्या गीताच्या बळावर त्यांनीं कोणा परक्यावर राज्य केलें नाहीं, कोणाची जमीन घेतली नाहीं, कोणास विहिरीवर येऊं नको म्हटलें नाहीं. तें गीत न ऐकल्यानें आमचें कुतूहल अपुरें राहील. आमचा हक्क बुडणार नाहीं. दार मिटलेलें आहे एवढ्यावरून न्याय ठरत नाहीं. मिटणारा कोण, बाहेर उभा असलेला कोण, आणि आंतल्या गोष्टीचा भार बाहेरच्यावर पडतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

ही कसोटी किती टिकते हें पाहण्यासाठीं अधिक अवघड उदाहरण घ्यावयास हवें, आणि तें ऑस्ट्रेलियांत मिळतें. चार्ल्स माउंटफर्ड यांनीं १९४० सालीं त्या खंडाच्या मध्यावरील वाळवंटांत पिट्जंट्जारा लोकांमध्यें प्रवास केला. तेथील पुरुषांनीं विश्वासानें त्यांना कांहीं पवित्र स्थळें, वस्तु व विधि दाखविले. त्या माहितीवर लिहिलेला त्यांचा 'नोमॅड्स ऑफ दि ऑस्ट्रेलियन डेझर्ट' हा भला मोठा सचित्र ग्रंथ १९७६ सालीं छापला गेला. तो विक्रीस आला तेव्हां त्या लोकांच्या प्रतिनिधींनीं नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, हीं रहस्यें दीक्षा न झालेल्यांच्या, बायकांच्या आणि मुलांच्या दृष्टीस पडलीं तर आमच्या समाजाची घडी विस्कटेल. न्यायमूर्ति म्युअरहेड यांनीं त्या प्रांतांतील विक्रीस मनाई केली. मनाईचा आधार छापण्याच्या हक्काचा नव्हता. विश्वासानें सांगितलेली गोष्ट विश्वास मोडून उघड करूं नये, हा होता.

ग्रंथावर बंदी आली कीं साहित्याच्या उपासकास प्रथम दुःख होतें, व आम्हांसहि होतें. शिवाय येथें 'बायकांच्या दृष्टीस' हे शब्द आहेत. आमच्या कसोटीला ते टोंचतात. परंतु त्या समाजांत बायकांचेहि स्वतंत्र विधि आहेत, आणि ते पुरुषांस पाहतां येत नाहींत. एका बाजूच्या ज्ञानानें दुसरीस सर्वस्वीं दाबून टाकलें आहे असें तें चित्र नाहीं. तरीहि समजा, उद्यां त्याच समाजांतील कोणी बाई उठून म्हणाली कीं, हा नियम मला मान्य नाहीं, तर तिचें म्हणणें ऐकलें पाहिजे. मात्र ती चर्चा त्यांच्या घरांतली आहे. अ‍ॅडलेडच्या प्रकाशकानें पुस्तक विकून तिचा निकाल लावावयाचा नाहीं. आमच्याकडे ज्ञानेश्वरांनीं दार उघडलें, तें आंतून उघडलें.

दुसरें उदाहरण टी. जी. एच. स्ट्रेलो यांचें, आणि साहित्याच्या दृष्टीनें तें अधिक हृदयद्रावक आहे. हे मिशनरी बापाच्या पोटीं १९०८ सालीं हर्मन्सबर्ग येथें जन्मले व अरंटा लोकांच्या मुलांत त्यांचीच भाषा बोलत वाढले. १९३२ पासून त्यांनीं त्या लोकांचीं गीतें, विधि व वंशावळी टिपून घेतल्या, चित्रपट घेतले, पवित्र वस्तु सांभाळल्या. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'साँग्ज ऑफ सेंट्रल ऑस्ट्रेलिया' या ग्रंथांत त्यांनीं अरंटा गीतांची तुलना ग्रीक व प्राचीन उत्तर युरोपीय काव्याशीं करून, हें रानटी लोकांचें गुणगुणणें नसून श्रेष्ठ काव्य आहे, हें दाखविलें. इतका रसिक, इतका जाणता संग्राहक विरळा. पण वृद्धांनीं आपल्या हातीं विश्वासानें दिलेलें हें धन आपलेंच झालें आहे, त्याला योग्य वारस त्या लोकांत उरलेला नाहीं, अशी त्यांची खात्री होऊन बसली. १९७८ सालीं त्यांनीं गुप्त विधींचीं छायाचित्रें एका जर्मन साप्ताहिकास विकलीं आणि तीं ऑस्ट्रेलियांतील एका मासिकांतहि झळकलीं. त्याच वर्षीं ते वारले. पुढें तो संग्रह सरकारनें घेतला. १९९१ सालीं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथें त्याच्यासाठीं संशोधनमंदिर उघडलें. आणि ज्यांत वारस नाहीं असें स्ट्रेलो म्हणत, त्याच अरंटा लोकांतील पुरुष तेथें बसून आज त्या नोंदी वाचीत व तपाशीत आहेत.

फ्यूक्स आणि स्ट्रेलो यांच्या गुणांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. एकानें यंत्राची चांचणी घेतली, दुसऱ्यानें आयुष्य वाहिलें. परंतु दोघांचीहि चूक एकच: वारस मेला आहे, किंवा मरणार आहे, अशी समजूत. रसिकता या चुकीपासून वांचवीत नाहीं. उलट जितकें प्रेम अधिक तितका ताबाहि अधिक घट्ट होतो.

येथपर्यंत आम्ही गीतांविषयीं बोललों. पण संग्रहांत गीतेंच असतात असें नाहीं. माणसांच्याहि नोंदी असतात, आणि तेथें हा प्रश्न आमच्या स्वतःच्या अंगणांत येतो. १८७१ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील कित्येक भटक्या जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविलें. त्यांचीं नांवें रजिस्टरांत चढलीं, त्यांस हजेरी लावावी लागे, आणि पोलिसांच्या उपयोगासाठीं त्यांचीं वर्णनें लिहिली गेलीं. केनेडी यांचें मुंबई इलाख्यांतील 'गुन्हेगार वर्गां'वरचें १९०८ चें पुस्तक त्यांतलेंच. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण वर्णनें ग्रंथालयांत राहिलीं. त्यांतील एखादें पान आज कोणी उघडलें तर तें पूर्वींइतक्याच शांत स्वरांत सांगतें कीं, अमुक लोकांचा धंदा चोरी. त्या पानाखालीं त्या लोकांचा एक शब्दहि नाहीं. आमची कसोटी येथें उलटी लावावी लागते. हीं पानें म्हणजे ज्यांच्यावर सत्ता चालली त्यांच्याविषयींचें ज्ञान; म्हणून तीं त्यांच्यापासून झांकतां कामा नयेत, आणि त्यांना त्यांवर आपलें म्हणणें नोंदवितां आलें पाहिजे. लक्ष्मण माने यांचें 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' हीं आत्मकथनें १९८० व १९८७ सालीं निघालीं, तेव्हां मराठी समीक्षेनें त्यांची भाषा, त्यांतील दुःख व त्यांचें धैर्य यांचा विचार केला. त्यांना जुन्या रजिस्टरांस मिळालेलें उत्तर म्हणूनहि वाचावें असें आम्हांस वाटतें. न्यायानें पाहिलें तर केनेडींच्या पुस्तकाच्या ग्रंथालयांतील नोंदीवर या उत्तराचा निर्देश असावा.

आणि यांत एक क्रूर विपरीतताहि आहे. महाराष्ट्रांत विमुक्त व भटक्या जमातींच्या माणसाला जातीचा दाखला हवा असेल तर आपलें कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीं येथें राहत होतें याचा लेखी पुरावा त्याला आणावा लागतो. ज्यांचें घर पालांत व वाट पायांखालीं, त्यांच्याजवळ कागद कोठून असणार? नोंद नको होती तेव्हां ती लादली गेली. हवी आहे तेव्हां ती सांपडत नाहीं. नोंदीवर स्वामित्व हवें ही मागणी केवळ पावित्र्याची किंवा अभिमानाची नव्हे. ती पोटाचीहि आहे, हें यावरून दिसेल.

आमच्याकडे कांहींच चांगलें झालें नाहीं असें मात्र नाहीं. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनीं डोंगरी भागांतील बायकांबरोबर वर्षानुवर्षें काम करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. 'पारी' या संस्थेनें २०१७ पासून त्या इंटरनेटवर प्रसिद्ध करावयास घेतल्या, तेव्हां ओवीबरोबर ती गाणारीचें नांव व गांव दिलें. 'लोकगीताला कर्ता नसतो' या सबबीखालीं जी बाई अदृश्य होई, ती येथें नांवानिशीं उभी आहे. आदिवासी गीतांच्या संग्रहांत मात्र इतकी दक्षता नेहमींच दिसते असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां मूळ संग्रहाकडे वळून त्याचे दोष सांगणें प्राप्त आहे. पहिला दोष नांवाचा. गाणीं पॅसामाक्वॉडी लोकांचीं, सूचना त्यांच्या, अर्थ त्यांचा. तरी ग्रंथालयाच्या यादींत संग्रह फ्यूक्स यांच्याच नांवें आहे. संग्राहकाचें नांव पुसावें असें आम्ही म्हणत नाहीं, पण तें धन्याच्या जागेवर नसावें. दुसरा दोष असा कीं, त्या तीन सूचनांना कायद्याचें बळ नाहीं. अमेरिकेंत २०१८ सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें १९२३ पूर्वींचीं ध्वनिमुद्रणें १ जानेवारी २०२२ पासून सर्वांस मोकळीं झालीं आहेत. म्हणजे 'हें विकावयाचें नाहीं' असें जमात सांगते, आणि कायदा सांगतो कीं हें कोणाचेंच नाहीं. कायद्याला दोनच प्रकारचें धन ठाऊक आहे: कांहीं वर्षांपुरतें एकाचें, किंवा मग सर्वांचें. पिढ्यानुपिढ्या एका लोकसमूहाचें असणारें धन त्याच्या कोशांत नाहीं. ग्रंथालयाचा हा दोष नव्हे, हें खरें. परंतु तेवढ्यामुळें या सूचना आज ऐकणाराच्या सभ्यतेवर सोंपविलेल्या आहेत. तिसरें, सूचना इतक्या त्रोटक आहेत कीं त्यांच्या मागची चर्चा परक्या वाचकास समजत नाहीं. जमातींत मतभेद झाले असतील तर ते कसे मिटले, निर्णय कोणीं घेतला, हें थोडें तरी सांगितलें असतें तर आमच्यासारख्या शंकेखोरांचें अधिक समाधान झालें असतें.

हे दोष असूनहि या संग्रहाचें महत्त्व आम्ही फार मोठें मानितों. जगांतील एका बलाढ्य ग्रंथालयानें एका लहान जमातीला 'तुमच्या गाण्याची नोंद तुम्ही लिहा' असें म्हटलें, आणि त्यामुळें ज्ञान कमी झालें नाहीं, वाढलें. फ्यूक्स यांच्या नोंदीवरून जें कोणास कधींहि कळलें नसतें तें आज कळतें, कारण सांगणारा जिवंत आहे आणि त्याला विश्वास वाटला. विश्वास नसता तर मेणावर खरखर राहिली असती. ज्ञानाचें दार मोकळें हवें असें म्हणणारांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी: मालकाला बाजूस सारून उघडलेल्या दारांतून वस्तु मिळते, तिचा अर्थ मिळत नाहीं.

आज जव्हार, धडगांव किंवा भामरागड येथें एखादा उत्साही विद्यार्थी हातांतील फोनवर गाणें टिपून घेतो, तेव्हां फ्यूक्स यांना तीस नळकांड्यांस जेवढा खटाटोप पडला त्याच्या शतांशानें त्याचें काम होतें. म्हणूनच त्यानें थोडें थांबावें. गाणारीचें नांव लिहिलें काय, हें बाहेर म्हणावयाचें आहे काय असें तिला विचारलें काय, एक प्रत तिच्या गांवीं राहील अशी सोय केली काय, आणि उद्यां तिच्या नातीनें 'हें काढून टाका' म्हटलें तर तें ऐकण्याची आपली तयारी आहे काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें त्यानें आपल्या नोंदवहींत गाण्याच्या आधीं लिहावीं. संग्रह त्यानें थोडा लहान होईल. पण तो चोरीचा राहणार नाहीं, आणि त्याला वारस असतील.